समुद्रातली सहल की बसची टूर? सुखावलेल्यांनी आणि पस्तावलेल्यांनी, दोघांनीही लिहा

दारव्हेकर_गुरुजी

नमस्कार मंडळी. मी दारव्हा तालुक्यातला, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक. चार एकर कोरडवाहू आहे, ती मुलगा पाहतो. जानेवारीत तूर घरात आली आणि आम्ही नवरा-बायको जन्मात पहिल्यांदा मोठ्या जहाजात बसलो. मुंबईहून लक्षद्वीप आणि परत, चार रात्री. नेरमार्गे बडनेऱ्याला आलो, तिथून विदर्भ एक्स्प्रेस. दोघांचं मिळून लाखाच्या वर गेलं. त्यात बायकोच्या भिशीचे पैसे होते, म्हणून जास्त लागतं.

बेटाच्या दिवशी सकाळी डेकवर गेलो तर बेट समोर दिसत होतं. नारळाची झाडं, पांढरी वाळू, आणि पाण्याचा रंग असा की शाळेच्या रंगपेटीत तो नव्हताच. बेटाभोवतीचं पाणी उथळ, प्रवाळाचं; म्हणून जहाज लांब उभं राहतं आणि माणसं लहान बोटींतून नेतात. आम्ही टोप्या घालून, पिशवीत टॉवेल घेऊन रांगेत उभे. नऊच्या सुमारास घोषणा झाली की वारा वाढला आहे, लहान बोट जहाजाला लावणं धोक्याचं आहे, आज उतरता येणार नाही. दुपारी जहाज वळलं. ज्यासाठी गेलो ते बेट मागे मागे जाताना पाहिलं.

खाली काउंटरवर गर्दी झाली. एक जण रडकुंडीला आले होते, त्यांच्या आईची शेवटची इच्छा होती म्हणे. सगळ्यांना उत्तर एकच: करारात लिहिलेलं आहे, बंदराचं शुल्क तेवढं परत मिळेल. करार बारीक इंग्रजीत, मी तो घरी येऊन वाचला. लिहिलेलं आहे खरं. पण ज्या एजंटाला आम्ही पैसे दिले त्यानं बेटाचे फोटो दाखवले, ही शक्यता एका शब्दानं काढली नाही.

आता माझे प्रश्न दोन. पहिला, माझी तक्रार नेमकी कोणावर? समुद्रावर, जहाजावर की एजंटावर? दुसरा, गावातली बारा माणसं पुढच्या वर्षी कुठंतरी निघायचं म्हणतात आणि जहाज की बसची टूर हे मला विचारतात. माझे साडू दरवर्षी बसच्या टूरवर जातात, जहाजाला नावं ठेवतात. मला खरंच ठरवता येत नाही.

कापूसकोंड्या

गुरुजी, बेटाचे लांबून काढलेले फोटो तरी टाका.

वऱ्हाडी_ठेचा

गुरुजी, तुमचे साडू बरोबर सांगून राह्यले. माणसाच्या पायाखाली जमीन पाह्यजे. आमी मागच्या साली रामेश्वर, कन्याकुमारी, मदुराई केलं बसनं. बस पंक्चर झाली त उतरून चहा पेलो. एका गावात जत्रा दिसली, डायवरले म्हटलं थांब, तो थांबला. जहाजाले थांब म्हणता येते का? पाणी पाहाचं असन त आपल्या इकडे गोसीखुर्द हाये, रामटेकले खिंडसी हाये, बोटीत बसा, फिरा, संध्याकाळी घरी या. लाख रुपये समुद्रात टाकाची काय गरज हाये मले समजत नाई.

आशा_धामणगाव

ठेचा भाऊ, तुमची बस थांबली कारण ती तुम्हीच ठरवलेली गावची बस होती. मी युरोपची बसची टूर केली आहे, अकरा दिवसांची. त्यातलं मला काय आठवतं सांगू? पहाटे पाचला खोलीतला फोन वाजायचा. सहाला बॅगा दाराबाहेर. सातला बस. जिथं उतरू तिथं टूर मॅनेजर घड्याळ दाखवून सांगायचा, चाळीस मिनिटं. त्या चाळीसमधली पंधरा स्वच्छतागृहाच्या रांगेत, आणि तिथं सुट्टी नाणी लागायची ती वेगळीच. आईचे गुडघे दुखत होते. एका गावात ती चर्चच्या पायऱ्यांवर बसून राहिली, म्हणाली तूच पाहून ये आणि मला सांग. त्या दिवशी मला रडू आलं.

नंतर भावानं आम्हाला सिंगापूरहून चार दिवस जहाजावर नेलं. बॅग एकदाच उघडली, एकदाच भरली. आई लिफ्टनं वर जायची, खुर्चीवर बसून समुद्र पाहायची, वाटलं की खोलीत येऊन पडायची. ज्यांचे गुडघे गेलेत त्यांना हे किती मोठं आहे ते तरण्या माणसांना कळत नाही.

पोट्टा_वर्धेचा

सहमत. माझ्या बाबांनी पण युरोप केलं, सगळ्या फोटोत बसची खिडकी आहे.

परतवाड्याचा_प्रवासी

आशाताई, टूर मॅनेजरच्या घड्याळाचं कारण सांगतो, मी अशा टूरबरोबर पाच वर्षं काम केलं आहे. युरोपात बसचालकाच्या कामाच्या वेळेवर कडक कायदा आहे. सलग साडेचार तास चालवलं की पंचेचाळीस मिनिटं विश्रांती घ्यावीच लागते. दिवसात नऊ तास, आठवड्यात दोनदाच दहा. गाडीत यंत्र असतं, ते सगळं नोंदवतं. नियम मोडला तर दंड. त्यामुळे दहा प्रवासी वीस मिनिटं उशिरा आले की संध्याकाळचं एखादं ठिकाण कापावं लागतं, आणि शिव्या मॅनेजरला.

पण तुमचा राग चुकीचा नाही. अकरा दिवसांत सात देश असा कार्यक्रम छापणाऱ्याला हा कायदा माहीत असतो. देश जितके जास्त तितकी जाहिरात चांगली दिसते, म्हणून तो छापतो. मी नोकरी सोडली त्याचं हेही एक कारण. म्हाताऱ्या माणसांना धावताना बघवत नव्हतं. कार्यक्रम हातात आला की एकच गोष्ट करा: रोज किती किलोमीटर बस आहे ते लिहून मागा. चारशेच्या वर दिसलं की समजा त्या दिवशी खिडकीतूनच पाहायचं आहे.

दारव्हेकर_गुरुजी

प्रवासी, हे फार उपयोगाचं. किलोमीटर विचारायचं मला सुचलंच नसतं.

आशाताई, सामानाच्या बाबतीत तुमचं अगदी खरं. पण जहाजावर माझी आणखी एक अडचण झाली. चढल्यावर तासाभरात भोंगा वाजला आणि सगळ्यांना गोळा केलं. बुडू नये म्हणून घालायचं लाइफ जॅकेट कसं चढवायचं ते दाखवलं, घोषणा इंग्रजीत आणि हिंदीत. बॅगाही खोलीत आल्या नव्हत्या, लोक वैतागले. एक बाई म्हणाल्या, आम्ही मजा करायला आलो की कवायतीला?

वैनगंगा_सिस्टर

गुरुजी, त्या कवायतीवर कोणी तक्रार केलेली मला आवडत नाही, म्हणून जरा लांब लिहिते. मी भंडाऱ्याची, आखातात बारा वर्षं नर्स होते, दोनदा जहाजावर गेले आहे.

१३ जानेवारी २०१२ ला इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया नावाचं जहाज खडकावर आपटून कलंडलं. ३२ माणसं गेली. त्या दिवशी नव्यानं चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत झालीच नव्हती, कारण तेव्हाचा नियम चोवीस तासांच्या आत घ्या असा होता. १९१२ च्या टायटॅनिकनंतर सुरक्षेचे आंतरराष्ट्रीय नियम आले, ते या अपघातानंतर आणखी कडक झाले. २०१५ पासून कवायत जहाज सुटण्याआधी किंवा सुटल्यासुटल्या घ्यावीच लागते. बॅग उशिरा आली तरी चालेल, आपली जमायची जागा पाठ असली पाहिजे.

बॅगेवरून आठवलं. मोठ्या बॅगा तुमच्याकडून धक्क्यावरच घेतात आणि खोलीत पोचवायला कधी संध्याकाळ होते. बीपीच्या, साखरेच्या गोळ्या, इन्सुलिन, चष्मा हे हातातल्या पिशवीतच. माझ्यासमोर एका काकांची दुपारची गोळी चुकली होती.

मळमळीचं सांगते. जहाज पुढे-मागे डोलतं तेव्हा टोकं जास्त हलतात, मध्यभाग कमी. आणि जितकं वर तितकं जास्त. म्हणून मधली आणि खालच्या मजल्यावरची खोली घ्या. खालच्या मजल्यावरची बहुतेकदा स्वस्तही असते. त्रास झाला तर उघड्या डेकवर येऊन क्षितिजाकडे पाहा. गोळी घ्यायची असेल तर आधीच डॉक्टरांना विचारून घ्या, उलटी सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही.

आणि हात साबणानं धुवा. जहाजावर जो जुलाब-उलटीचा विषाणू पसरतो त्याला सॅनिटायझर पुरेसं पडत नाही. दारात बाटली घेऊन उभा असलेला मुलगा हसून फवारतो, ते घ्या, पण जेवायच्या आधी नळाखाली हात घाला.

कापूसकोंड्या

२०२० मधलं जपानच्या बंदरातलं ते जहाज आठवतं का? योकोहामाला उभं करून ठेवलं होतं, ३७०० माणसं आत. सातशेच्या वर लोकांना कोरोना झाला. तेव्हापासून आमच्या घरात जहाजाचं नाव काढलं की बाबा टीव्ही बंद करतात.

वऱ्हाडी_ठेचा

पाहा! मी काय सांगून राह्यलो होतो.

आशा_धामणगाव

ठेचा भाऊ, त्या साली बसही बंद होत्या आणि गावही.

संत्रावाली

मी वरूडची. जेवणाचं कोणी बोललंच नाही अजून? माझ्या सासऱ्यांना सकाळी पोह्यांवर तर्री लागते, रात्री ज्वारीची भाकर. जहाजावर काय मिळतं? सोबत काही नेता येतं का?

दारव्हेकर_गुरुजी

ताई, शाकाहारी भरपूर होतं. डोसा, पराठा, पनीर, गोड पदार्थांचं तर टेबलच वेगळं. भाकर नव्हती. पोहे होते, पण फिक्के. घरचं उघडं अन्न चढू देत नाहीत असं आमच्या तिकिटावर लिहिलं होतं, बंद पाकिटातलं कोरडं चाललं. आम्ही जवसाची चटणी पाकीटबंद नेली होती. पलीकडच्या टेबलावर अमरावतीचं एक कुटुंब होतं, चटणीच्या वासानं ओळख झाली. शेवटच्या दिवशी त्यांनी पाकीट मागून नेलं.

वऱ्हाडी_ठेचा

आमच्या बससंगं आचारी होता बाप्पा. गॅस, गंज, तेलाचा डबा, सगळं सोबत. मदुराईच्या रस्त्यावर आंब्याच्या झाडाखाली वरण-फळं खाल्ले. ते जहाजावर मिळन का?

पोट्टा_वर्धेचा

वरण-फळांसाठी मी बसकडे मत देतो.

नर्मदा_काकू

ठेचा भाऊ, तुम्ही गावचे म्हणून स्पष्ट विचारते. त्या आंब्याच्या झाडाखाली कणीक कोणी मळली?

मी दोन वेळा अशा बसनं गेले आहे. एकदा चारधाम, एकदा द्वारका-सोमनाथ. आचारी एक, माणसं पंचेचाळीस. बस थांबली की पुरुष मंडळी पाय मोकळे करायला जातात आणि बायकांसमोर मेथीच्या जुड्या येतात. कोणी जबरदस्ती करत नाही, पण बसून कशी राहणार? द्वारकेत समुद्राजवळ मी लसूण सोलत होते. घरी सोलते तशीच.

चारधामचं वेगळं सांगते. गौरीकुंडापासून केदारनाथ सोळा किलोमीटर चढ, ३५८३ मीटर उंची. कार्यक्रमात फक्त 'केदारनाथ दर्शन' लिहिलं होतं. घोड्याचे पैसे वेगळे, डोलीचे वेगळे, हे सोनप्रयागला कळलं. माझ्याजवळ तेवढे नव्हते. मी आणि आणखी तिघी खालीच राहिलो. गुरुजी, तुमचं बेट वाऱ्यामुळं गेलं. आमचा केदार कोणी न सांगितल्यामुळं गेला.

संत्रावाली

काकू 🙏

वऱ्हाडी_ठेचा

काकू, खरं सांगतो, कणीक आमच्या घरच्या बाईनंच मळली होती. आणि दोघी-तिघी संगं होत्या. मी हे कधी ध्यानात घेतलं नाई. आज घरी विचारलं, ती म्हणे कन्याकुमारीले सूर्य उगवताना मी पाह्यलाच नाई, चहा करत होती. मले वाईट वाटलं.

सिॲटलचा_पुसदकर

आईबाबांना इकडे बोलावून अलास्का केलं, जहाज आणि जमीन दोन्ही, म्हणून लिहितो. सात रात्री जहाज, पुढे स्वतंत्रपणे चार दिवस डेनाली राष्ट्रीय उद्यान.

सगळ्यात मोठी चूक आधी सांगतो, कारण ती कोणाच्याही आईबाबांची होऊ शकते. आम्ही सिॲटलहून निघणारं जहाज घेतलं. अमेरिकेतून अमेरिकेत फिरायचं, म्हणून अमेरिकेचा व्हिसा पुरे असं मी गृहीत धरलं. पण १८८६ चा एक अमेरिकी कायदा आहे, परदेशी नोंदणीच्या जहाजाला अमेरिकेच्या बंदरांमधून नुसती प्रवासी वाहतूक करता येत नाही, मध्ये परदेशी बंदर घ्यावं लागतं. म्हणून ही जहाजं एका संध्याकाळी कॅनडाच्या व्हिक्टोरियाला टेकतात. भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा हवा, उतरायचं नसलं तरी. निघायच्या दोन महिने आधी एका सहकाऱ्यानं सांगितलं म्हणून वाचलो. त्याच धक्क्यावरून परत पाठवलेलं एक तेलुगू कुटुंब मी डोळ्यांनी पाहिलं. आजी बॅगेवर बसली होती.

जहाजावरचे दिवस आईबाबांना फार आवडले. जुनो ही अलास्काची राजधानी, पण तिथं बाहेरून रस्त्यानं जाताच येत नाही, समुद्र किंवा विमान. बाबांना ते पटेचना, तालुक्याला रस्ता नाही हे समजतं म्हणे, राजधानीला? स्कॅगवेला जुनी अरुंद रूळांची गाडी आहे, सोन्याच्या शोधाच्या काळातली, १९०० साली पूर्ण झालेली. बाबा खिडकीला डोकं लावून बसले. दारव्ह्याची आपली शकुंतला रेल्वे आठवली. इकडची गाडी सोन्यासाठी आली, आपली कापसासाठी. इकडची रोज पर्यटकांनी भरते, आपले रूळ गवतात. त्यावर ते संध्याकाळपर्यंत बोलत होते.

जमिनीच्या भागावर मात्र तक्रार. डेनाली शिखर ६१९० मीटर, पण ढगांमुळं तीनातल्या दोघांना ते दिसतच नाही. आम्ही त्या दोघांतले. आतला एकमेव रस्ता दरड सरकल्यामुळं ऑगस्ट २०२१ मध्ये बंद झालेला, बस ४३व्या मैलावरून परत फिरली. बुकिंग करताना हे कुठंतरी लिहिलेलं होतं, ठळक नव्हतं. बाबा म्हणाले, एवढ्या लांब आलो आणि धुकं पाहिलं. आई म्हणाली, पण अस्वल दिसलं की. दोघंही आजवर आपापल्या मतावर आहेत.

दारव्हेकर_गुरुजी

शकुंतलेचं वाचून गलबललो. मोतीबागच्या फलाटावर आमचं लहानपण गेलं. मूर्तिजापूरला उतरून मुंबईची गाडी धरायची, हा आमचा सगळ्यात लांबचा प्रवास होता.

कापूसकोंड्या

गुरुजी, शकुंतलेवर वेगळा धागा काढा. मी पहिला प्रतिसाद देईन.

मोहर्लीचा_गाईड

ताडोबाच्या मोहर्ली गेटजवळचा आहे मी. पर्यटक तक्रार करतात ती रोज ऐकणारा माणूस म्हणून बोलतो.

जिप्सीत सहा पर्यटक, मी आणि चालक. वाघ दिसला तर गेटवर पाठीवर थाप. नाही दिसला तर मला विचारतात, पैसे कशाचे घेतले? एकदा एका कुटुंबानं दोन सफारी केल्या, वाघ नाही. पण त्यांना अगदी जवळून रानकुत्र्यांचा कळप दिसला, शिकार करताना. पंधरा वर्षांत मी ते मोजून चार वेळा पाहिलं आहे. ते म्हणाले, कुत्रेच दिसले. मी घरी जाऊन जेवलो नाही त्या रात्री.

म्हणून गुरुजी, तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर असं. कप्तानानं बोट उतरवली नाही ते योग्यच केलं. पावसाळ्यात आमच्याकडे १ जुलै ते ३० सप्टेंबर कोअर, म्हणजे जंगलाचा आतला भाग, बंद असतो, मंगळवारी सुट्टी असते, ते जंगलासाठी आहे. पुसदकरांनी अलास्का लिहिलं, तिकडे ग्लेशियर बे नावाच्या उद्यानात दिवसाला दोनच मोठी जहाजं सोडतात असं मी वाचलं आहे. आमच्या गेटवरच्या गाड्यांच्या मर्यादेसारखंच. निसर्ग दाखवणारा माणूस हमी देऊ शकत नाही.

पण जो फोटोत वाघ दाखवून पैसे घेतो आणि 'दिसेलच' म्हणतो, त्याच्यावर माझाही राग आहे. त्याचं खोटं आम्हाला गेटवर भोगावं लागतं. मी सफारीच्या आदल्या संध्याकाळी सगळ्यांना बसवून सांगतो, वाघ दिसणं आपल्या हातात नाही, काय काय दिसू शकतं ते मी सांगतो. ज्यांना हे आधी सांगितलं त्यांच्यापैकी फार थोडे नंतर भांडतात.

नर्मदा_काकू

गाईड दादा, हेच. आधी सांगणारा माणूस हवा.

बळीराजा_७२

मला हा सगळा धागाच पटला नाही. कापसाला भाव नाही, सोयाबीन पावसानं गेलं, आणि आपण लाखाच्या जहाजावर चर्चा करतो. त्या पैशात ठिबक होतं. बारा माणसांच्या पैशात गावाला शेततळं होईल.

संत्रावाली

बळीराजा दादा, आमच्या बागेची दोन वर्षं फळगळ झाली, तुमचं दुःख मला कळतं. पण माझे सासरे सत्तर वर्षांचे आहेत. आंबिया बहार, मृग बहार, फवारणी, तोडणी, यापलीकडे त्यांनी काही पाहिलं नाही. ठिबक पुढच्या साली करू. त्यांचं पुढचं साल आहे की नाही कोणाला माहीत? शहरातला माणूस फिरला तर कोणी त्याला शेततळं विचारत नाही.

बळीराजा_७२

ताई, सासऱ्यांना जरूर न्या. माझे वडील नागपूरपलीकडे न जाता गेले. म्हणून असं लिहून बसलो बहुतेक.

अकोल्याची_सीए

परदेशी जहाज किंवा टूरवाल्यांसाठी एक गोष्ट, शेतकरी कुटुंबांनी नीट वाचा. परदेशी टूर पॅकेजवर पैसे भरताना टीसीएस नावाचा कर आगाऊ घेतात. २०२५-२६ या वर्षी तो १० लाखांपर्यंत ५ टक्के होता. दर अर्थसंकल्पात बदलू शकतो, तेव्हा भरायच्या वेळी विचारा. हा पैसा बुडत नाही, तुमच्या पॅनवर जमा होतो. पण परत मिळवायला रिटर्न भरावं लागतं. शेतीचं उत्पन्न करमुक्त म्हणून आपल्याकडे पुष्कळ जण रिटर्न भरतच नाहीत आणि हजारो रुपये सरकारकडे तसेच राहतात. माझ्याकडे दिग्रसकडचे एक शेतकरी आले होते, मुदत संपल्यावर. त्यांना हे कोणी सांगितलंच नव्हतं.

वकील_चांदूर

गुरुजींच्या पहिल्या प्रश्नावर कायद्याच्या बाजूनं.

हवामानामुळं कप्तानानं मार्ग बदलला तर जहाज कंपनीविरुद्ध फारसं हाती लागत नाही. सुरक्षेचा निर्णय त्याचाच, आणि असावा. परंतु विकताना महत्त्वाची माहिती दडवली, किंवा तोंडी हमी दिली आणि ती खोटी निघाली, तर ती सेवेतली त्रुटी किंवा अनुचित व्यापारी प्रथा ठरू शकते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आल्यापासून तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते. म्हणजे यवतमाळात. मुंबईला खेटे घालायची गरज नाही. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा, पुष्कळ प्रकरणं तिथंच मिटतात.

पण पुरावा लागतो. एजंटाशी झालेलं बोलणं व्हॉट्सॲपवर लिहून ठेवा: 'तुम्ही आज सांगितलं की अमुक ठिकाणी उतरणार, न उतरल्यास काय परत मिळेल ते कळवा.' त्याचं उत्तर किंवा त्याचं मौन, दोन्ही कामाला येतं. काकूंच्या केदारनाथच्या बाबतीत मुदत गेली असणार, पण घोड्या-डोलीचा खर्च पॅकेजात नाही हे न सांगणं माझ्या मते गुरुजींच्या बेटापेक्षा भक्कम प्रकरण होतं.

परतवाड्याचा_प्रवासी

वकील साहेबांना जोडून: पॅकेजात काय नाही ते आधी वाचा, काय आहे ते नंतर. जहाजावर पेयं, इंटरनेट, किनाऱ्यावरची सहल, टिप हे बहुतेक वेळा वेगळं. बसच्या टूरमध्ये एक वेळचं जेवण, स्थानिक गाईड, काही ठिकाणची तिकिटं वेगळी. दोन्हीकडे फसगत इथंच होते.

पोट्टा_वर्धेचा

मग गुरुजी, बारा माणसांचं काय ठरलं?

दारव्हेकर_गुरुजी

चार दिवस लिहिलं नाही कारण हा अख्खा धागा मी घरी मोठ्यानं वाचून दाखवत होतो. ही ऐकत होती, मध्ये मध्ये काही बोलत नव्हती. नर्मदा काकूंचा प्रतिसाद दोनदा वाचायला लावला. आता ती स्वतः लिहिते म्हणाली. पुढचं तिचं आहे, मी फक्त टंकतो.

'सगळ्यांना नमस्कार. हे बेटाचं दुःख घेऊन बसले, मला बेटाचं तेवढं वाटलं नाही. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली. त्या जहाजावर चार दिवस मी चूल, गॅस, भांडं यातलं काही पाहिलं नाही. सकाळी उठले आणि आज काय करायचं हा प्रश्नच नव्हता. पहिल्या दिवशी मला सुधरेना, जेवून झाल्यावर मी ताटं एकावर एक रचली, तो वाढणारा मुलगा धावत आला, म्हणाला आंटी रहने दो. दुसऱ्या दिवशी सवय झाली. रात्री डेकवर गेले तर एवढ्या चांदण्या होत्या, लहानपणी आईसोबत जागलीवर जायचे तेव्हा पाहिल्या होत्या तेवढ्या.

माझी तक्रार एकच आहे. बेट गेल्यावर हे दीड दिवस कोणाशी बोलले नाहीत. मी एकटी फिरले. भिशीचे पैसे माझे होते, मी म्हणत होते वसूल झाले, यांना ऐकू येत नव्हतं.

आणि ती सूचना मराठीत असती तर बरं झालं असतं. जॅकेट कसं घालायचं ते मला नंतर त्या अमरावतीच्या सूनबाईनं सांगितलं.'

आशा_धामणगाव

काकू, एवढं वाचून मी उठून आईला फोन केला.

वऱ्हाडी_ठेचा

गुरुजी, मी माझं मत मागे घेतो असं नाई, बस मले अजूनही आवडते. पण पुढच्या डावाले आमच्या बसमंदी दोन आचारी आणि एक मदतनीस. बायकांनी कांदा चिरायचा नाई. पैसे जास्त लागले त लागले. तीन घरचे लोक हो म्हणाले, बाकीच्याईले मी सांगतो.

नर्मदा_काकू

ठेचा भाऊ, मग मला तुमच्या बसमध्ये एक जागा ठेवा. कन्याकुमारी माझी राहिली आहे.

दारव्हेकर_गुरुजी

काल संध्याकाळी मारुतीच्या पारावर बारा जण जमले. या वेळी मी बायकांनाही बसा म्हटलं, तर जमाव एकोणीसचा झाला. वारा आला तर बेट मिळणार नाही, हे मी पहिल्याच वाक्यात सांगितलं, गाईड दादांसारखं. तरी नऊ जणांनी जहाज म्हटलं, त्यातल्या सात बायका. पाच जण ठेचा भाऊंच्या बसला येऊ का विचारतात. पाच अजून ठरवत आहेत.

एजंटाला मी वकील साहेबांनी सांगितलं तसं व्हॉट्सॲपवर लिहिलं आहे. अजून उत्तर नाही. आठ दिवस वाट पाहून १९१५ ला फोन करतो.

सिस्टर, एक विचारायचं राहिलं. आमच्यातल्या दोघींना एसटीतसुद्धा मळमळतं. मधली खोली पाहिजे हे बुकिंगच्या वेळी कसं सांगायचं? बुकिंगवाला म्हणतो, खोली आपोआप मिळते.

वैनगंगा_सिस्टर

गुरुजी, आपोआप मिळणारी खोली थोडी स्वस्त असते म्हणून ते तसंच देतात. खोलीचा नंबर निवडून घेण्याचा दर वेगळा विचारा आणि जहाजाचा नकाशा मागा, सगळ्या मजल्यांचा असतो. त्यात लिफ्टच्या आसपास, खालच्या मजल्यावर, नाचगाण्याच्या हॉलच्या वर किंवा खाली नसलेली खोली शोधा. नकाशा इथं टाका, मी पाहून सांगते.